मुकुंदाच्या भेटीला इंदूरला

खांडव्याला मोठी गाडी सोडून आम्ही दोघी बहिणी छोट्या गाडीत बसलो आणि कमलनं आधी डबा उघडून बेसनाचे लाडू फुटले नाहीत ना, ते पाहिलं. लाडू मुकुंदासाठी होते. मुकुंद तिचा मुलगा, सात वर्षांचा. नवऱ्यापासून ती वेगळी झाली तेव्हा कोर्टानं मुलगा बापाकडे, इंदूरला ठेवला आणि आईला उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटायची मुभा दिली. त्या एका भेटीच्या आशेवर माझी बहीण नाशकात माझ्या घरी सारं वर्ष काढते.

काळाकुंडला घाट चढण्यासाठी गाडीला मागून आणखी एक इंजिन लावलं. तिथं पळसाच्या पानात बांधलेला कलाकंद मिळतो. तो खाऊन हात चिकट झाले. पुढे पाताळपाणीचा धबधबा डोळे भरून पाहावा असं ठरवलं, तर भर उन्हाळ्यात तिथं नुसता काळा खडक! कमल मात्र खडकाकडे पाहूनही हसत होती.

इंदूरच्या स्टेशनाबाहेर टांगेवाल्यानं विचारलं, "जूनी इंदौर? बैठो बाईजी. पोहे खाया के नी (की नाही)?" त्यानं स्वतःच टांगा एका दुकानापाशी थांबवला. पोह्यांवर शेव आणि शेजारी गरम जिलबी. सकाळच्या प्रहरी पोह्यांबरोबर जिलबी खाणारं गाव पाहून मी थक्क झाले. इंदूरनं मला थक्क करायला ही नुसती सुरुवात केली होती.

जुन्या इंदुरातलं कमलचं सासर म्हणजे होळकरांच्या दरबारी नोकरी केलेलं घराणं. संस्थान विलीन होऊन मध्यभारत झाला, तरी घरातलं 'साहेब' काही विलीन झालं नाही. दारावर सुकलेलं आंब्याचं तोरण होतं. थोरल्या जाऊबाईंनी आम्हाला बैठकीत बसवलं, पेढे पुढे केले. बाईंना मूलबाळ नव्हतं, म्हणून त्या मुकुंदाचं फार कौतुक करतात, असं कमल सांगे. आज तर त्यांचा चेहरा लग्नघरातल्यासारखा फुलला होता.

"पेढे कशाचे?" मी विचारलं.

तेवढ्यात मुकुंद आत आला. डोक्याला जरीची टोपी, कानात नवी भिकबाळी. कमल उठली, दोन्ही हात पुढे करून. मुलानं आधी जाऊबाईंकडे पाहिलं, मग वाकून कमलच्या पाया पडला आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, "काकू, नमस्कार करतो."

कमलचे हात तसेच राहिले.

"अहो, मतलब, पत्र टाकायचं राहूनच गेलं," जाऊबाई म्हणाल्या. "आम्ही याला दत्तक घेतलं ना. दत्तहोम झाला, एकदम व्यवस्थित. आता हा जयसिंग."

हातातला पेढा मी ताटलीत परत ठेवला. मुलाची आई जिवंत, धडधाकट, लाडवांचा डबा घेऊन दारात आलेली, आणि तिचा मुलगा परस्पर दुसऱ्याचा झालेला! मी बैठकीच्या टोकाला बसलेल्या थोरल्या दिरांना, भाऊसाहेबांना, विचारलं, "हिला न विचारता?"

"देणारा बाप असतो, बाई," ते शांतपणे म्हणाले. "आईला विचारायची रीत नाही. धाकट्यानं दिला, आम्ही मांडीवर घेतला. घरातल्या घरातच तर आहे."

"आणि कोर्टानं ठरवलेली भेट?"

"ती धाकट्याच्या मुलाची. धाकट्याला आता मुलगा कुठे आहे?"

इतक्या सभ्य आवाजात इतकं भयंकर बोलणं मी आजवर ऐकलं नव्हतं. कमलचा नवरा मागच्या सोप्यात उभा दिसला, तोही पाठमोरा. मी तावातावानं उठले, वकिलाचं नाव घेतलं, आवाज चढवला.

जाऊबाईंनी मला मध्येच थांबवलं आणि कमलशेजारी येऊन बसल्या. "फालतू झगडा कशाला? पोरगा घबरावतो. तुम्ही काकू म्हणून येत जा ना. गर्मीत काय, दिवाळीतही या. पण आई म्हणून नाही. इथं नाही, नाशकातही नाही. आमचे नातलग तिकडेही आहेत. एकदा जरी ऐकू आलं ना, तर मग दरवाजा बंद."

मी कमलकडे पाहिलं. आता ही कडाडेल, निदान रडेल, असं मला वाटलं. तिनं लाडवांचा डबा उघडला. "जयसिंग," ती म्हणाली, "काकूनं लाडू आणलेत, घे." त्या घरातल्या सगळ्या माणसांपेक्षा त्या क्षणी मला माझ्या बहिणीचाच जास्त धक्का बसला.

दुसऱ्या दिवशी सगळे मिळून खजराण्याच्या गणपतीला गेलो. जाऊबाई नारळ घेत होत्या. तेवढी संधी साधून मुलगा कमलच्या पदराशी आला आणि हळूच म्हणाला, "घरात आई म्हणायचं नाही. मग तुला कुठे म्हणू?"

कमल म्हणाली, "मनात म्हण." तिनं त्याची टोपी सरळ केली आणि जाऊबाई परत येण्याआधी ती दोन पावलं मागे सरकली. मी देवळात गेलेच नाही. त्या देवापुढे काय मागायचं, तेच मला कळेना.

परतीच्या गाडीत महूला एक नागपूरकर बाई आमच्यासमोर येऊन बसल्या. चार घटकांच्या ओळखीत त्यांनी आमची सगळी कुंडली विचारायला घेतली. "इंदूरला कोण तुमचं?"

"पुतण्या आहे," कमल म्हणाली.

"वा! आणि तुम्हाला मुलं किती?"

मी तोंड उघडलं. कमलनं बाकाखाली माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली.

"नाहीत," ती म्हणाली.

त्या बाईंनी हळहळून, होतील हो, देवाला काळजी, असं काहीबाही म्हटलं, आणि कमलनं मान डोलावली. प्रवासाला निघालं की माणूस नवं काहीतरी पाहून येतो, असं मी मुलींना शाळेत शिकवते. मी हे पाहून आले: मुलगा पुन्हा दिसावा म्हणून आईनं त्याला जन्मच दिला नाही असं सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही.