दारावरची चिठ्ठी

नोरीन पिकेट दुकानात जरी निघाली, तरी दारावर चिठ्ठी लावून जाई: ‘आलेच. किल्ली कुंडीखाली.’ ॲडलेडच्या त्या उपनगरात सगळ्यांना कारण ठाऊक होतं, म्हणून कोणी विचारत नसे. एक्केचाळीस वर्षांपूर्वी तिचा मुलगा रसेल, एकोणीस वर्षांचा, सकाळच्या बसने अनवाणीच समुद्रावर गेला. तो परतला नाही, आणि त्याचं काही सापडलंही नाही. परत आलाच तर त्याला हाच पत्ता माहीत, एवढंच ती म्हणे.

पण गुडघे गेले, पर्थच्या मुलीने तिकडे राहायला येण्याचा हट्ट धरला, आणि अंगणात विक्रीची पाटी लागली. शाळा चार मिनिटांवर, स्टेशन सात, ग्रंथालय, पोहण्याचा तलाव. पाटी वाचून नोरीनला ते दुसऱ्याच कुणाचं घर वाटलं.

शनिवारी अकरा ते साडेअकरा घर बघायला खुलं, आणि तेवढा वेळ मालकाने घरात थांबायचं नाही, ही तिथली रीत. एजंट ट्रॅव्हिसने फोटो कपाटात टाकले, दारावरची चिठ्ठीही काढली. जुनाट दिसतं, म्हणाला. ती बोलिंग क्लबात जाऊन चहा घेत बसली.

परतली तर शेजारची ग्लेनिस फाटकातच भेटली. घर घ्यायचं नसलं तरी आत डोकावायला सारी गल्ली येतेच. “अगं, तुझी न्हाणी बघायला तीस वर्षं थांबले,” ती म्हणाली, “आणि निघाली ती तसलीच गुलाबी.”

आत ट्रॅव्हिस वैतागून वाळू झाडत होता. अकरा जण आले होते. दहा जणांची नावं वहीत होती. अकरावा, एक मुलगा, नाव न देताच अनवाणी आत शिरला. कोपऱ्यावरचं आइस्क्रीमचं दुकान उघडं असतं का, विचारत होता.

ते दुकान बंद होऊन पंचवीस वर्षं झाली होती. नोरीन ट्रॅव्हिसकडे वळली.

“आणखी काय विचारलं?”

“घरातल्या बाई कुठायत म्हणून. मी सांगितलं, त्या नसतात इथे.”

ती धुण्याच्या खोलीकडे गेली. तिथल्या चौकटीवर दर वाढदिवसाला डोक्यावर पाककृतींचं पुस्तक आडवं धरून रसेलची उंची आखलेली होती. सगळ्यात वरची रेघ एकोणिसाव्या वर्षाची, पुसट झालेली. तिच्या शेजारीच, अगदी तेवढ्याच उंचीवर, दुसरी रेघ होती. नोरीनने बोट फिरवलं. बोटाला पेन्सिलीचं शिसं लागलं.

ट्रॅव्हिसला वाटलं, बाई आता पाटी काढायला सांगणार. तिने एवढंच विचारलं, “पुढच्या शनिवारी घर खुलं आहे ना?”

“आहे. त्यालाही तेच सांगितलं.”

पुढच्या शनिवारी ती हलली नाही. ट्रॅव्हिसने रीत सांगितली, विनवलं, गिऱ्हाईक बिचकतं म्हणाला. तिने चिठ्ठी पुन्हा दारावर लावली आणि धुण्याच्या खोलीत स्टूल टाकून बसली. मांडीवर पाककृतींचं पुस्तक, हातात पेन्सिल. माणसं आली, तिला पाहून चुळबुळली, गेली. ग्लेनिसही एकदा डोकावली, पण थट्टा न करता परत फिरली.

साडेअकराला दोन मिनिटं असताना दारातून ट्रॅव्हिसचा आवाज आला.

“आज तरी पाय झटकून ये रे.”

नोरीन पुस्तक घेऊन उठली.