दुधवाल्या साहेबांचं औषध

दुधवाले साहेब म्हणजे काय चीज होती म्हणून सांगू! औषधाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, पण पाठीमागे सगळे त्यांना दुधवालेच म्हणत. कारण त्यांनी आयुष्य घालवलं ते एका दुधासारख्या पांढऱ्या औषधापायी. पाण्यात तेलाचे बारीक थेंब मिसळलेलं इमल्शन. ते शिरेतून टोचायचं आणि स्कॅन काढायचा, म्हणजे यकृतातली गाठ स्पष्ट दिसते. दिसायचीही, खोटं कशाला बोला! पण बाटली थोडे दिवस ठेवली की तेल वर यायचं आणि औषध फुटायचं.

आता टिकाऊपणा तपासायचा तर बाटलीला हात न लावता ती तशीच ठेवावी लागते, ही त्या धंद्यातली मुळाक्षरं. आमचे साहेब मात्र तपासणीआधी कपाट उघडून एकेक बाटली खसाखसा हलवत. "अहो, हलवल्याशिवाय नमुना एकसारखा कसा होणार?" असं वर सगळ्यांना शिकवत. शेजारच्या खोलीतल्या संशोधक बाई एकदा म्हणाल्या, "सर, मग आपण टिकाऊपणा मोजतोय कशाचा?" झालं! बाईंची रवानगी दुसऱ्या विभागात. औषध टिकाऊ ठरलं, साहेबांचे सत्कार झाले, भाषणांना तर ऊत आला.

घरात विचारूच नका. जेवायला बसलं की औषध, पाहुणे आले की औषध. बायको तोंडावर "हो का" म्हणे आणि मनात हात जोडे. खरोखर भारावून ऐकणारा एकच, साहेबांचा थोरला भाऊ. वडील गेल्यावर त्यानेच स्वतःची शाळा सोडून ह्यांना शिकवलं होतं.

त्या दादाचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी यकृताचा स्कॅन सांगितला. इस्पितळात साहेबांच्या औषधाची माणसांवरची चाचणी सुरू व्हायचीच होती. दादाने परस्पर सांगून टाकलं, "पहिला नंबर माझा. आमच्या धाकट्याचं औषध आहे!"

कळलं तसे साहेब धावतपळत स्कॅनच्या खोलीत पोचले. दादा टेबलावर आडवा, हाताला सुई लावलेली, आणि डॉक्टरीणबाई बाटली घेऊन उभ्या. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. तेलाचा मोठा थेंब रक्तातून फुफ्फुसात जाऊन अडकला तर माणूस जागच्या जागी जाऊ शकतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

"दादा, तुला जुनंच औषध देऊ. तेही चांगलं असतं."

"का रे? तुझं का नको?"

"नको म्हणजे... तुझं आता वय झालंय."

"बाहेर बाकावर माझ्याहून म्हातारी बाई बसलीय. माझ्यामागून तिचाच नंबर. तिला चालतं होय?"

साहेबांनी घसा खाकरला, डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. लाज तरी वाटावी की नाही! अजून सबबच शोधत होते.

दादा कोपरावर उठला. "मला नको आणि तिला द्यायचं? ह्यासाठी शिकवलं का रे तुला?"

"फुटतं ते," साहेब कसेबसे म्हणाले. "तेल वर येतं. पहिल्यापासून येतं. नका देऊ कुणालाच."

डॉक्टरीणबाईंनी बाटली खाली ठेवली आणि चाचणी थांबवायला फोन उचलला. जे बोलण्यासाठीच पगार मिळत होता, ते बोलायला ह्या माणसाला सख्खा भाऊ टेबलावर निजवावा लागला.

दादाने भिंतीकडे तोंड फिरवलं. "चला बाई, जुनं औषध टोचा," तो म्हणाला, "आणि ह्याला आधी बाहेर काढा."