विज्ञानाच्या तासाला हाडं आणणारी

"जबडा नीट धर. वर कर. अजून वर."

पाचवीचा वर्ग. महागावच्या बाजूचं आमचं खेडं. मी वर्गासमोर मेलेल्या बैलाचा जबडा धरून उभी. गुरुजी दोन हात लांबून छडीनं दात दाखवत होते. पोरापोरींच्या नाकावर बाह्या. विज्ञानाच्या पुस्तकात दातांचं चित्र होतं, पण गुरुजींना खरं दाखवायची हौस. आदल्या दिवशी म्हणाले होते, "तुमच्या लोकांकडं हाडांचा काय तोटा? तूच आण."

आमच्या घरात हाड नव्हतं. आमच्या लोकांनी बुद्धाचा धम्म घेतला, त्याच वर्षी मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं. पण ही शहाणी गेली नाल्याकाठी, जिथं गाव ढोरं टाकायचं. कुत्री हाकलली, जबडा उपसला, वाळूनं घासला, फ्रॉकात गुंडाळला. माशा शाळेपर्यंत सोबत. आणि तोरा असा, जणू बक्षीस घ्यायला चालली! गुरुजींनी पहिल्यांदा नावानं हाक मारली होती ना. एरवी मी 'ए, मागची'.

मग जबडा काचेच्या कपाटात गेला. शाळेची पुस्तकंही त्याच कपाटात. धडा वाचायला ती वाटली, तेव्हा मीही हात पुढं केला.

"हाडाचा हात पुस्तकाला लावू नको," गुरुजी म्हणाले.

हाड पुस्तकांना टेकून बसलेलं. मी जमिनीवर, रिकामी.

तरी घरी येऊन मायला मिरवत सांगितलं. माय चुलीपुढं थबकली.

"तुह्या बापानं ढोर ओढणं सोडलं, तं गावानं त्याले काम देल्लं नाही. अन् तू त्याच गावाले हाडं नेऊन देऊन राह्यली?"

"माय, ते विज्ञान हाये!"

"मंग मास्तरनं आपल्या पोरीले काहून नाही सांगितलं?"

गुरुजींची पोरगी माझ्याच वर्गात होती. पण मी काय थांबले? छे. पुढच्या आठवड्यात मांडीचं हाड नेलं. मग बरगड्या. अख्खा बैल पोचवला असता बाईनं, उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणून राहिला. हाडं मिरवणारी ती पोरगी, म्हणजे मीच, आठवली की आजही तोंडात आंबट पाणी येतं. हाडांची किळस नाही येत. तिच्या खुशीची येते.

मागच्या महिन्यात नात उड्या मारत घरी आली. आता आम्ही यवतमाळात राहतो; ती सातवीत आहे.

"आजी, पाणी शुद्ध करायच्या प्रयोगाले मॅडमनं मलेच निवडलं! मी नालीचं पाणी आणणार."

"अन् बाकीच्या?"

"कोणी तुरटी, कोणी वाळू, कोणी काचेचा ग्लास."

"नाली तुह्याच वाट्याले कायले?"

"आपल्या वस्तीतून जाते ना. मॅडम म्हणे, तुले सोपं जाईन."

तिचा चेहरा पाहिला. तोच माझा जुना तोरा.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. मॅडमनं खुर्ची दिली. गोड हसल्या.

"आजी, यात कुठे जात आली? हे तर विज्ञान आहे."

माझंच जुनं वाक्य, इस्त्री करून!

"मॅडम, ती नाली तुमच्या कॉलनीतूनच खाली येते. तुमच्या दारातून भरा. ताजं भेटंन."

हसू गेलं. "मग तिचे प्रयोगाचे गुण जातील."

"जाऊ द्या. माही नात नाली उपसणार नाही."

गुण गेले. "तुह्यामुळं झालं," म्हणून नात रडली. अजून माझ्याशी धड बोलत नाही. मीही लाडीगोडी लावली नाही. रडू दे. मी त्या वयात रडले असते, तर बरगड्या तरी नेल्या नसत्या.

पण पाणी वर्गात गेलंच. आमच्याच गल्लीतल्या दुसऱ्या पोरीनं नेलं. बाटली छातीशी धरून, हसत. मी दारातून पाहत राहिले. ओकारी गिळली.

उद्या सकाळी तिच्या आईकडे जाते. मग पुढच्या घरी. मग त्याच्या पुढच्या. पोरी चिडतील, आया म्हणतील म्हातारी चळली. म्हणू देत. या वस्तीतून पुन्हा एक बाटली शाळेत जाणार नाही. मॅडमना नाली शिकवायची असेल, तर त्यांनीच वाकावं.