नसरीननं निवडलेला विषय

नसरीनच्या नवऱ्याचा, इम्रानभाईंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "नसरीन गेली," एवढंच ते म्हणाले. आजार ठाऊक होता, शेवट दिसत होता, तरीही... संध्याकाळी वारज्याच्या घरी पोहोचले, तोवर तिला नेलंही होतं.

कम्प्युटर इंजिनिअरिंगला आम्ही एका बाकावर बसायचो. तिला खरं तर बारावीनंतर भूशास्त्र घ्यायचं होतं, जमिनीखालचं पाणी शोधायचं काम करायचं होतं. अब्बांचं घड्याळांचं दुकान. माणूस मायाळू, पण पोरगी उन्हातान्हात माळरानं तुडवत हिंडणार या कल्पनेनंच ते धास्तावले. तिनं वाद घातला नाही. पुढं वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, चांगलं नाव कमावलं, आणि दर रविवारी संध्याकाळ झाली की तिचं डोकं दुखायला लागायचं.

चाळिशी उलटल्यावर तिनं नोकरी सोडली आणि भूशास्त्राच्या बीएस्सीच्या प्रवेशाला गेली. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "मुलीला स्वतःला यावं लागेल." ही म्हणाली, "मुलगीच आलीये." हा किस्सा सांगताना ती हसून लाल व्हायची... या वयात नोकरी कोण देणार, असं नातेवाईक विचारत. पण ती भूजल सर्वेक्षण करणाऱ्यांना आधीच भेटून आली होती, कोणते विषय शिकलेली माणसं लागतात ते विचारून, मगच तिनं प्रवेश घेतला होता.

दुसऱ्या वर्षी निदान झालं. केमो घेऊन, डोक्याला स्कार्फ बांधून ती प्रॅक्टिकलला जायची. वर्ग खडकवासल्याकडच्या टेकडीवर गेला तेव्हा ती पायथ्याशीच बसून राहिली. पोरं वरून तिच्यासाठी खडक घेऊन आली. शेवटच्या परीक्षेपर्यंत ती पोहोचली नाही. इस्पितळातही उशाशी पुस्तक असायचं. मी म्हटलं, आता विश्रांती घे. ती म्हणाली, "बारावीत जे हवं होतं तेच वाचतेय गं. उशीर झाला, एवढंच."

परवा तिच्या घरी गेले होते. तिची लेक सना यंदा बारावीत आहे. अम्मीचं अर्धं राहिलेलं तू पुरं कर, असं सगळे तिच्या मागे लागलेत. सनाला मात्र कम्प्युटर मनापासून आवडतं. "अम्मीनंच सांगितलंय," ती खाली बघत म्हणाली, "माझं राहिलेलं तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस म्हणून."

मग ती चहा करायला उठली. ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी, नसरीनचं भिंग होतं. डाळ निवडताना खडा सापडला की ती तो फेकायची नाही, आधी भिंगाखाली धरायची. मी भिंगाकडे बघतेय हे सनाच्या लक्षात आलं.

"आता पाकिटातली डाळ आणतो, मावशी," ती म्हणाली. "तिच्यात खडे नसतात."

तिनं भिंग उचललं, खालची जागा पुसली आणि ते पुन्हा तिथंच ठेवलं.