मागे ऐकू येत नाही

धुळ्याच्या माणसाला दारू सोडायची असली की तो जळगावला येतो. जळगावचा माणूस त्याच कामासाठी धुळ्याला जातो. दोन्हीकडची केंद्रं सारखीच, वरणभात तोच, भिंतीवरचे सुविचारही तेच. पण परगावी ओळखीचं कोणी भेटत नाही, असा लोकांचा समज असतो. वाटेतल्या पारोळ्याच्या स्टँडवर या दोन एसटी शेजारी शेजारी उभ्या राहत असतील आणि दोन्हींत खिडकीकडे तोंड करून बसलेला एकेक बाप असेल, असं मला नेहमी वाटतं.

म्हणूनच धुळ्याचे अध्यक्ष कधीतरी आमच्या केंद्रात येतील, हे मी धरून चालले होते. त्यांचा मुलगा पितो हे मला चार-पाच वर्षांपासून ठाऊक होतं. अशी बातमी कानावर आली की चांगल्या माणसाला वाईट वाटतं. मी त्या दिवशी दुसऱ्यांदा चहा केला.

हे अध्यक्ष म्हणजे मी दहा वर्षांची असताना धुळ्यातल्या एका संस्थेचे अध्यक्ष. निराधार बायका आणि मुलांसाठीची संस्था, सहा खोल्या आणि एक सभागृह. सभागृह सहा खोल्यांपेक्षा मोठं होतं, यावरून कारभाराचा अंदाज यावा. माझे वडील दोंडाईच्याला मिरचीच्या बाजारात हमाल होते. ते प्यायला लागले, आमची भाड्याची खोली गेली आणि आईने मला घेऊन धुळं गाठलं. सहापैकी एका खोलीत आम्ही आणखी दोन कुटुंबांबरोबर राहिलो. छप्पर मिळालं, जेवण मिळालं, मला शाळा मिळाली. हे मी नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

अध्यक्षांना एकेरीत लिहून पाहिलं, जमलं नाही. त्यांनी मला दोन गोष्टी दिल्या, एक स्वेटर आणि हे आदरार्थी बहुवचन. स्वेटर टिकलं नाही.

स्वेटरवाटप एप्रिलमध्ये झालं. प्रमुख पाहुण्यांना हिवाळ्यात वेळ नव्हता. धुळ्याच्या एप्रिलमध्ये चाळीस मुलं लोकरीची स्वेटरं घालून रांगेत उभी होती, कारण फोटोत स्वेटर अंगावर दिसायला हवं होतं. व्यासपीठावर इतके मान्यवर होते की समोर बसायला माणसं शेजारच्या शाळेतून आणावी लागली. आणि अध्यक्षांचा एक नियम होता. लाभार्थ्याने आपल्याला मदत का लागली ते माइकवर स्वतःच्या शब्दांत सांगायचं. माझे स्वतःचे शब्द संस्थेतल्या बाईंनी आदल्या दिवशी चिठ्ठीवर लिहून दिले होते.

त्या दिवशी वडील दोंडाईच्याहून आले होते. सकाळीच फाटकाशी उभे. शर्ट धुतलेला, तांब्यात निखारे घालून स्वतःच इस्त्री केलेला. एका बाहीवर तांब्याच्या बुडाचा पिवळा गोल डाग उमटला होता. आई त्यांच्याशी बोलली नाही, पण आत जायला वाट दिली.

"एकोणीस दिन झायात," ते मला म्हणाले. "हात लावेल नही. तू बोल, मी मांगे उभा राहसू."

मी काय बोलणार आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. माझं नाव पुकारलं तेव्हा मला मागच्या भिंतीशी तो शर्ट दिसत होता. मी चिठ्ठीतलं पहिलं वाक्य पुटपुटले. अध्यक्षांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, माइक खाली वाकवला आणि प्रेमाने म्हणाले, "मोठ्याने बाळ, मागे ऐकू येत नाही."

मग मी मोठ्याने सांगितलं. माझे वडील दारू पितात. ते आईला मारतात. ते आम्हाला सांभाळू शकत नाहीत, म्हणून अध्यक्षच आमचे वडील आहेत. टाळ्या वाजल्या. मागच्या भिंतीशी कोणी नव्हतं.

वडील त्यानंतर पाच वर्षं जगले. इस्त्रीच्या शर्टात मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. ते तसेही प्यायले असते, असं आई म्हणायची, असेलही. पण ते स्वेटर तिने कापलं आणि त्याचे तुकडे चुलीवरची भांडी उतरवायला वापरले. आमच्या घरातला तो पहिला सूड. दुसरा माझ्याकडे आला.

आमचं जळगावचं केंद्र एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात आहे. आम्ही सात-आठ जणांनी ते उभं केलं. चौदा खाटा दारू सोडणाऱ्यांच्या. शिवाय स्टँडवर, स्टेशनवर झोपणाऱ्यांना दिवसा आंघोळ आणि एक जेवण. स्वयंपाक अक्का करते. अक्का बोदवड स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर चार वर्षं राहत होती. आजही कोणी नवीन आलं की ती आधी त्याच्या पायांकडे बघते आणि मग किती पोळ्या लागतील ते ठरवते. तिचा अंदाज चुकत नाही.

आमच्याकडे व्यासपीठ नाही. हार नाही, माइक नाही. पण दर रविवारी सकाळी दहाला बैठक असते. दाखल झालेल्याच्या घरच्या माणसाने सतरंजीवरून उठून सगळ्यांसमोर, मागच्याला ऐकू जाईल असं सांगायचं, हा माझा अमुक लागतो आणि तो पितो. ते सांगितल्याशिवाय घरच्यांना भेट नाही. लपवालपवी थांबली की उपचार सुरू होतो, असं डॉक्टर म्हणतात आणि ते खरं आहे. नियमाला एक सूट आहे. वयस्कर आईबापांना माझ्या खोलीत, दार लावून सांगता येतं. यावलच्या एका शिक्षकाच्या आईला ती सूट मी स्वतः दिली होती. खुर्ची दिली, पाणी दिलं, त्या रडल्या तेव्हा पंखा वाढवला.

अध्यक्ष गेल्या वर्षी मार्चमध्ये आले. ऐंशीच्या पुढचे, हातात काठी, पांढरे स्वच्छ कपडे. मागे चाळिशीतला मुलगा, डोळे पिवळट, हात खिशात, कारण ते कापत होते. अध्यक्षांनी मला ओळखलं नाही. वर्षाला चाळीस मुलं स्टेजवर चढवणाऱ्यांनी किती चेहरे लक्षात ठेवायचे?

"ताई, नाव लिहू नका," ते म्हणाले. "धुळ्यात आपलं नाव आहे."

"लिहावं लागतं, नाना. कपाटात राहतं."

"आणि ते रविवारचं? मी ऐकलं, उभं राहून बोलायला लावतात म्हणे. माझं वय बघा. वयस्करांना सूट आहे असं फोनवर सांगितलं कोणीतरी."

"चुकीचं सांगितलं," मी म्हटलं.

अक्का दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती माझ्याकडे बघत राहिली. ते गेल्यावर म्हणाली, "यावलच्या म्हातारीला खोलीत बसवलं होतं ना आपण?"

"ती वेगळी."

"पाय तर सारखेच सुजलेले," अक्का म्हणाली आणि तांब्या घेऊन गेली.

बारा दिवसांनी त्यांचा रविवार आला. मुलगा बरा राहिला होता. पहिले चार दिवस त्याला वेड्यासारखा घाम फुटायचा. मग तो अक्काला बटाटे सोलून द्यायला लागला. वाईट माणूस नव्हता. ही माझ्या दृष्टीने गैरसोय होती.

मी सकाळपासून खुशीत होते, हे लिहायला हवं. सतरंज्या मी स्वतः झटकल्या. अध्यक्षांची जागा पुढे, मधोमध ठेवली. तेवढ्यात अक्का आली आणि म्हणाली, "तुझा धुळेवाला तासभर इस्त्री करतोय. एकच शर्ट. बाप येणार म्हणून."

मी ऐकलं आणि सतरंजीची घडी सरळ करत राहिले.

दहाला तीस-पस्तीस माणसं बसली. मुलगा मागे भिंतीशी उभा राहिला. बस म्हटलं तर म्हणाला, "राहू द्या ताई, चुरगळेल." मी अध्यक्षांचं नाव पुकारलं. ते काठीवर भार टाकून उठले, घसा साफ केला आणि सुरू झाले.

"सन्माननीय व्यासपीठ, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो..."

पुढच्या रांगेतला एक रिक्षावाला आजूबाजूला बघून म्हणाला, "नाना, व्यासपीठ कुठंय? एक तुम्हीच उभे, बाकी बठ्ठे खालीच."

लोक हसले. अध्यक्ष गोंधळले. हात आपोआप माइक शोधत हवेत गेला. मी इतकी वर्षं जे वाक्य सांभाळून ठेवलं होतं, ते तेव्हा वापरलं.

"स्वतःच्या शब्दांत सांगा, नाना. आणि मोठ्याने. मागे ऐकू येत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख नव्हतीच. नुसती भीती होती, ती मात्र मला ओळखीची. मग ते मोठ्याने, स्वच्छ आवाजात म्हणाले, "माझ्या माहितीतला एक मुलगा आहे. त्याला ही सवय आहे. मी सामाजिक कार्यकर्ता म्हणून त्याला घेऊन आलो."

मी हे धरलं नव्हतं. त्यांची मान खाली जाईल, आवाज फाटेल, हे सगळं मी आधी अनेकदा मनात पाहिलं होतं. पण ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्याच बापांबद्दल वदवून घेतलं, त्यांना स्वतःचा मुलगा जिभेवर आणता येणार नाही, हे मला सुचायला हवं होतं. मी मागे पाहिलं. भिंतीशी कोणी नव्हतं.

मी उठले. बैठक तशीच सोडली. चपला न घालता फाटकापर्यंत पळाले, आणि मार्चचं जळगाव पायाखाली काय असतं ते तेव्हा कळलं. तो रस्त्यापलीकडे उभा होता. दारूचं दुकान डावीकडे, स्टँड उजवीकडे. तो डावीकडे बघत होता.

"खरं बोलले ते," तो म्हणाला. "माहितीतलाच आहे मी."

"माझा बाप असाच एकदा निघून गेला होता," असं म्हणता आलं असतं. त्याच्या शर्टाची बाही नीट होती, डाग नव्हता. मी म्हटलं, "अक्काला कोथिंबीर हवी आहे. माझ्या पायात काही नाही. तू आणतोस की मी अशीच जाऊ?"

तो माझ्या पायांकडे बघत राहिला. मग उजवीकडे वळला, कारण भाजीवाले स्टँडपाशी बसतात. मी अनवाणी त्याच्या मागे गेले. कोथिंबिरीच्या दोन जुड्या निवडायला त्याने अर्धा तास लावला. मी लावू दिला.

परत आलो तेव्हा अध्यक्ष तसेच उभे होते. मी त्यांना बसा म्हटलं नव्हतं, आणि दुसऱ्या कोणाला ते सुचलं नव्हतं. अक्काने शेवटी स्टूल आणून त्यांच्यामागे ठेवलं आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "झालं का तुझं?"

झालं नव्हतं. त्यांना खोलीत बोलावून दार लावायला मी अजूनही तयार नव्हते. पुढच्या रविवारी या, एवढंच सांगितलं. ते आले, आणि "एक नातेवाईक" म्हणाले. त्यापुढच्या रविवारी "घरातलंच एक माणूस". दर वेळी पहाटेची एसटी, दर वेळी पांढरे कपडे, आणि भेट न होता परत. मुलगा दर वेळी शर्टाला इस्त्री करायचा. आता मात्र तो खाली बसायचा, शेवटच्या रांगेत, अक्काशेजारी.

चौथ्या रविवारी अध्यक्ष उठले आणि दोन्ही हात काठीवर टेकून उभे राहिले. मग अगदी हळू, जमिनीकडे बघत म्हणाले, "हा माझा मुलगा. तो पितो. मला माहीत होतं."

मला स्पष्ट ऐकू आलं होतं. तरी मी म्हटलं, "मागे ऐकू आलं नाही, नाना."

त्यांनी पुन्हा बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून आवाज आला.

"आलं, ताई. मला आलं ऐकू."

मला अजून एकदा ऐकायचं होतं. दोनदा, खरं तर. पण मागच्याला ऐकू आलं की बैठकीचा नियम पुरा होतो, आणि नियम मीच लिहिलेला आहे. मी वहीत भेट मंजूर केली आणि पुढचं नाव पुकारलं.