हललेले फोटो

कॅमेरा बदलायचा की नाही, एवढ्या एका प्रश्नावर मी यंदाचा अख्खा चैत्र नासवला. लेकीचं लग्न जुळून साक्षगंध वैशाखात ठरलं होतं, धरमपेठेतल्या आमच्याच घरात, दोन्हीकडच्या जवळच्या माणसांत. आणि ऐन वेळी माझा साबणाच्या वडीएवढा चंदेरी कॅमेरा दगा देऊ लागला होता. तो घेतला तेव्हा लेक पहिलीत होती. तिचे पडलेले दात, गॅदरिंगमधला वाघ, दहावीचा निकाल, सगळं त्यानंच काढलं. आता घरात काढलेला फोटो धड येईल तर शपथ. दिसायला छान, आणि मोठा करून पाहावा तर कुठंतरी हललेला.

"मोबाइल हाय न वं हातात," नवरा म्हणाला. "काहून डोकं खाऊन राह्यली?"

मोबाइलमधला फोटो मला फोटोच वाटत नाही, त्याला मी काय करू? शुभ सकाळचे गुलाब आणि कुणाच्या तरी विजेच्या बिलाच्या मधात तो जो बुडतो, तो पुन्हा सापडत नाही. कॅमेऱ्यातला फोटो मी बसून बघते, कंप्युटरवर उतरवते, त्यातले निवडून छापून आणते. लेकीचं तर तिसरंच. "आई, जुना फेकू नको हां, मला दे. आजकाल असल्या जुन्या कॅमेऱ्यांचीच फॅशन आहे. सगळ्या मैत्रिणी शोधून राहिल्या." म्हणजे नवा घेतला तर मी बावळट, आणि नाही घेतला तर साक्षगंधाचे फोटो मातीत! माझा स्वभाव असा, की एखादी गोष्ट ठरली नाही तर मला जेवण गोड लागत नाही. भाजी जळायची, दूध उतू जायचं, आणि मी मोबाइलवर कॅमेऱ्यांचे व्हिडिओ बघत उभी.

सदर भागातल्या कॅमेऱ्यांच्या एका दुकानात इतक्यांदा गेले, की दुकानदार मला बघून आधी पाण्याचा ग्लास ठेवायचा आणि मग कॅमेरा. "मॅडम, यात पळणारं पोट्टं पण जागच्या जागी थांबते. हललेला फोटो येणारच नाही. ले लो, सोचो मत." मी कॅमेरा हातात घ्यायची, त्याच्याच पंख्याचा फोटो काढायची. फिरत्या पंख्याची पाती खरंच मोजता यायची. घेऊन टाकते, असं म्हणायची आणि पर्स बंद करून बाहेर पडायची. स्कूटीवर एका सिग्नलला घ्यायचं ठरायचं, पुढच्या सिग्नलला रद्द. घरी पोचेपर्यंत मी स्वतःवरच चिडलेली असायची.

हे सगळं चाललं होतं ते एका फोटोसाठी. माझी नोकरी सकाळी नऊला सुरू व्हायची, त्यामुळे लेकीला वाढवलं माझ्या आईनं. वडील गेल्यावर ती महाल भागातली खोली सोडून आमच्याकडे आली, ती लेक रांगत होती तेव्हा. पोरीच्या तोंडात पहिला घास तिचा, शाळेचा डबा तिचा, तापात डोक्यावर ओली पट्टी तिची. तेव्हा साक्षगंधात पहिला पेढाही तिनंच भरवायचा आणि तो फोटो मी काढायचा, हे मी मनात पक्कं केलं होतं.

आणि आई म्हणत होती, "तूच भरव वं तिले. मी म्हातारी कायले मधात?"

"असं कसं? तू नाही तर कोण?"

"मले नाई जमत ते लोकायसमोर. तू भरव."

मला राग आला. आयुष्यभर जिनं सोयऱ्याधायऱ्यांना दारात उभं करून सुनावलं, तिला आता लोकांचं काय? म्हटलं, नखरे आहेत. म्हातारपणी माणूस रुसायला कारणं शोधतं. दोन दिवस मी तिच्याशी तुटक बोलले.

एका दुपारी नवऱ्याला गप्प करायचं म्हणून मी पुरावा गोळा करायला बसले. गेल्या वर्षभरातले सगळे हललेले फोटो एकत्र काढून त्याच्यासमोर धरायचे आणि म्हणायचं, बघ, आता बोल. कूलर घरघरत होता, आई आत लसूण सोलत होती. मी पहिला फोटो मोठा केला. भाऊबीजेचा. नवरा ठीक, लेक ठीक, ताटातल्या करंज्यांची मुरड स्पष्ट. आईचा चेहरा ठीक. तिच्या मांडीवरच्या लुगड्याचा काठसुद्धा धागा न् धागा दिसत होता. त्या काठावर ठेवलेला तिचा उजवा हात मात्र नव्हताच. हाताच्या जागी नुसता धूर.

दुसरा उघडला. बशी स्पष्ट, कप पुसलेला. कप आईच्या हातात. तिसरा, चौथा. दरवेळी खोली जागच्या जागी, माणसं जागच्या जागी, आणि हललेला तो एकच हात. मी मागं मागं गेले. त्याच्या आधीच्या फोटोंत हात हललेला नव्हता, कारण तो दिसतच नव्हता. कुठं पदराखाली, कुठं मांडीखाली दाबलेला, कुठं नातीच्या पाठीमागं. बाप्पा! कॅमेरा बिचारा खरं तेच दाखवत होता, आणि मी त्याला भंगारात काढायला निघाले होते.

उठून आत गेले. आई पाठमोरी बसली होती. लसणाच्या पाकळ्या डाव्या हातानं सोलत होती, दातांनी सालं ओढत. उजवा पदरात.

"आई, हात दाखव."

"कायचा हात?"

"उजवा."

"काहून? भविष्य पाहून राह्यली का माहं?"

मी पदर ओढला. भांडकुदळ पोरीसारखा, सरळ ओढला. हात तिच्या मांडीवर पडला आणि तिथं पडल्यापडल्या थरथरत राहिला, आपलाआपला, जसा काही तिचा नव्हताच. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो.

"कधीपासून?"

"झाले असन बरेच दिवस."

"सांगितलं काहून नाही?"

"सांगून काय, तुनं मले गॅसपाशी जाऊ देल्लं असतं का? खाटेवर बसवलं असतं. बस आई, खा आई, झोप आई." मग एकदम आवाज चढला. "मले काम कराचं हाय वं! बसून खाल्लेलं माह्या आंगी लागत नाई!"

मी तिच्यावर ओरडले. ती माझ्यावर ओरडली. मग मी रडले आणि ती म्हणाली, "लसूण तरी होऊ दे." एकाच घरात, एकाच ताटावर बसून मला दिसलं नाही, याची लाज मला अजून वाटते. डॉक्टरकडे नेलं. त्यांनी हात पाहिला, तिला चालवून पाहिलं, गोळ्या दिल्या. थोडा फरक पडेल म्हणाले, पण हात पूर्ण थांबेल असं धरून चालू नका.

त्या दिवशी घरी येताना मी पुन्हा सदरला गाडी वळवली. आई मागं बसली होती. आता मला घाईच झाली होती. पेढ्याला नाही का म्हणत होती, ते कळलं होतं, आणि त्यावरचा उपाय काचेच्या कपाटात ठेवलेला होता. दुकानाच्या दारात स्कूटी उभी करून मी तिला सांगितलं, "आई, इथं एक नवा कॅमेरा आहे. त्यात फिरता पंखासुद्धा थांबतो. तू बिनधास्त पेढा भरव. फोटोत तुझा हात जरासुद्धा हललेला दिसणार नाही."

आईनं काचेतून कॅमेऱ्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"भैताड झाली का तू? फोटोत नाई दिसणार. पण तठी बसलेल्या मानसायले दिसन न? त्यायचे डोळे का इथं बदलून भेटतात?"

दुकानदारानं आतून हात केला, बहुतेक पाण्याचा ग्लासही भरला असेल. मी स्कूटी चालू केली.

घरी येऊन मी पंख्याखाली बसले. आता काय करायचं, कुणाला विचारायचं, सोयऱ्यांना आधीच सांगून ठेवावं का, डोक्यात नुसता भुंगा. आई स्वयंपाकघरातून आली. हातात पेढ्यांचा डबा. माझ्यासमोर पाट ओढून बसली.

"तोंड उघड."

"काय?"

"उघड म्हणतो न. पोट्टीच्या तोंडी लागला पाहिजन. नाकाले लागला तर तिचे सासरचे हासतीन. आठ रोज हायेत. तुह्यावर हात बसवतो."

"मला साखर आहे, आई."

"इत्तुसा तुकडा हाय. मरत नाई. उघड."

मी उघडलं. बँकेत अख्खी शाखा सांभाळणारी, चष्मा लावलेली, छप्पन्न वर्षांची बाई मी, आ करून बसले. तिचा हात डब्यातून उठला, हवेत कापत कापत पुढं आला. पहिला पेढा हनुवटीला लागला. दुसरा गालावर फुटला आणि चुरा ब्लाउजवर सांडला. तिनं शिवी हासडली, हाताला, मला नाही. तिसऱ्याला तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, ओठ आवळले, डोळे माझ्या तोंडावर रोखले. मी हललेसुद्धा नाही. जरा पुढं वाकले असते तर पेढा सहज मिळाला असता, पण तिला ते चाललं नसतं.

पेढा जिभेवर टेकला. तिची बोटंही टेकली, लसणाच्या वासाची, थरथरणारी. घास तसाच तोंडात धरून मी चष्मा काढला आणि डोळे पुसले.

"रडून काहून राह्यली?" ती म्हणाली. "गिळ. अजून एक."