जनाबाईची धाकटी सून

एस्तेर काम करता करता प्रार्थना करायची. चुलीत फुंकर घालताना, मुलीची वेणी घालताना, तांदूळ पाखडताना तिचे ओठ हलत असायचे. मी शेजारच्या खोलीत भाड्याने राहायला आले, तेव्हा मला वाटलं, ही बाई स्वतःशीच भांडते. विचारलं तर म्हणाली, "डोळे मिटून बसाले टाइम कुठी हाये बाई? डोळे मिटले का भात करपते. देवाले म्हनलं, असंच आयकून घे."

मार्कंड्याच्या महादेवाच्या देवळाजवळच्या त्या धानाच्या गावात मी शाळेत शिकवत होते. एस्तेर अहेरीकडच्या ख्रिस्ती घरातली. धानाच्या रोवणीच्या, म्हणजे लावणीच्या कामावर दौलतशी ओळख झाली आणि दोघांनी लग्न केलं. दौलतचं घर हिंदू. सासू जनाबाईने सुनेला घरात घेतलं, पण तिच्या हातचं खाल्लं नाही. ओसरीवर स्वतःची वेगळी चूल मांडली. रविवारी एस्तेर तान्ह्या लेकाला कडेवर घेऊन, मुलीचा हात धरून पलीकडच्या गावात उपासनेला पायी जायची. ती परत येईपर्यंत जनाबाई दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला तिची गाऱ्हाणी सांगायची.

मग जनाबाईला लकवा मारला. डावी बाजू पूर्ण गेली. थोरला मुलगा आणि सून समोरच्याच घरात राहत. त्यांनी सांगितलं, आमच्याकडे जागा नाही. ओसरीवरची चूल विझली ती कायमची. एस्तेर सासूचं सगळं अंथरुणात करू लागली. अंग पुसायचं, कुशीवर वळवायचं, भाताची पेज भरवायची. एका मांडीवर बाळ आणि दुसऱ्या हातात सासूचा चमचा, असं मी तिला कितीदा पाहिलं.

जनाबाई तिच्या हातचं खात होती, पण ते कबूल करत नव्हती. भेटायला कोणी आलं की जड जिभेने म्हणायची, "मोठी सून भरवते मले." मला राग यायचा. एस्तेर म्हणायची, "बुढीले तेवढीच इज्जत उरली हाये. ते बी मी काढून घेऊ का?"

महाशिवरात्र आली तसा जनाबाईने मार्कंड्याच्या जत्रेचा हट्ट धरला. थोरल्याला सवड नव्हती. शेवटी दौलतने ऑटो ठरवला आणि एस्तेरही गेली, कारण वाटेत सासूचे कपडे बदलावे लागणार होते. दौलतने आईला उचलून देवळात नेलं आणि एस्तेर दोन्ही मुलांना घेऊन नदीच्या वाळूत बसून राहिली. तिच्या चर्चच्या मंडळीतल्या कोणीतरी तिला तिथे पाहिलं. पुढच्या रविवारी पाळकांनी उपासनेनंतर तिला थांबवून घेतलं आणि जत्रेला का गेलीस, असा जाब विचारला. "मी जत्रेले नाई गेली, सासूले घेऊन गेली," एवढंच ती म्हणाली. त्यांनी तिला पश्चात्ताप करायला सांगितलं. घरी आल्यावर तिने मला हे सगळं भांडी घासत सांगितलं, आणि हातातली कढई तिने इतकी घासली की हात लाल झाले.

धान कापणीच्या सुमारास जनाबाई गेली. सकाळी एस्तेर तिला पेज भरवत होती, तेव्हाच मान कलली. एस्तेरने तिचे डोळे मिटवले, तोंड पुसलं आणि दौलतला हाक मारली. थोड्याच वेळात अंगण भरलं. आंघोळ घालायला बायका उठल्या, तशी एस्तेर पाण्याची बादली घेऊन पुढे झाली. थोरल्या दिराने तिला अडवलं. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "तू हात नोको लावू. आमची माय हाये. तिले बाटवू नोको."

एस्तेरने दौलतकडे पाहिलं. मीही पाहिलं. तो खाली मान घालून उभा राहिला.

बादली थोरल्या सुनेने घेतली. जनाबाईच्या पाठीवर कुठे जखम आहे हे तिला ठाऊकही नव्हतं. तोंडात पाणी तिनेच घातलं आणि रडलीही तीच. एस्तेर मुलांना घेऊन गोठ्यापाशी उभी राहिली. दिवसभर तिच्या घरचा चहासुद्धा कोणी घेतला नाही. संध्याकाळी पाळक आले. प्रभूने तर मरण सोसलं, तू एवढं सोस, म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात थोरली सून आजारी पडली आणि उठता येईना. दीर स्वतः बोलावायला आला आणि एस्तेर गेली. मी तिला म्हटलं, तू मूर्ख आहेस. ती म्हणाली, "गेली तरी जीव जळते, नाई गेली तरी जळते. गेल्यानं त्या बाईची पाठ तरी साफ होते."

माझी बदली चंद्रपूरला झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे जेवायला गेले. दौलत ताटावर बसला होता. मी तिला विचारलं, सगळ्यांना माफ केलंस का?

"दिराले केलं," ती म्हणाली. "तो पराया. बाकीच्याचं नाई होत. देव म्हनते, कर. मी त्याले सांगतलं, हे तुझं आयकनं माह्याच्यानं होत नाई."

दौलतचा घास हातातच राहिला. तिने त्याच्या ताटात भात वाढला, वरून वरण घातलं आणि त्याच्याकडे न बघता मला विचारलं, "बाई, तुमाले आनखी वाढू का?"